बाराबंदी शिवावी की पैरण?

गणपतीला, लग्नाकार्याला किंवा नुसतं रोज घालायला आपल्याकडचं काहीतरी शिवून घ्यायचंय म्हणणारे बरेच जण या दोन कपड्यांपाशी येऊन अडकतात, एक सोलापूरच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, नंदीध्वजाची (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांची) माणसं घालतात ती बाराबंदी आणि दुसरी वारकऱ्याची साधी पैरण. मी इथं साताऱ्यातच दोन्ही शिवून घेतल्यात आणि दोन्ही वापरतो.

दिसायला बाराबंदी भारी, यात वादच नाही. संक्रांतीला ते ७ नंदीध्वज निघतात, मागंपुढं नुसत्या पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या, बघून कुणालाही वाटणार आपणपण शिवावी. छातीवर तिरकी येते, बाजूला गाठ, जीन्सवरसुद्धा शोभते. कापड दुहेरी पडतं त्यामुळं थंडीत बरी, मे महिन्यात नको होते.

पण ते बटणांऐवजी बांधायचे कापडी बंद! आधी आतले बांधा मग बाहेरचे, त्याची सवय होते हो, खरा वैताग धुण्याचा आहे. मशीनमध्ये टाकली की बंद एकमेकांत, शेजारच्या शर्टाच्या बाहीत, कशातपण गुंततात, मग ओल्या गाठी नखानं सोडवत बसायचं आणि जरा जोरात ओढलं की बंद शिवणीतनं उसवतो, परत शिंप्याकडं चक्कर. घरी हातानं धुणं होत असेल तर कदाचित तुम्हाला एवढा त्रास होणार नाही. माझं मन मात्र इथंच फिरलं.

पैरण म्हणजे लोणंद-फलटणला माउलींच्या पालखीत, चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात दिसते तीच. उन्हापावसात आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या माणसानं पारखलेला कपडा आहे हा. सैल बाही, अंगाला चिकटत नाही, भिजली तरी लवकर वाळते, बाजूच्या खिशात मोबाईल बसतो आणि इस्त्री केली की ऑफिसलापण चालते.

एक मनापासून सांगतो, कपड्याची बेतणी खुशाल घ्या पण फोटोपुरती तुळशीची माळ गळ्यात घालू नका, माळ घेतलेला माणूस मांसमच्छी सोडतो, एकादशी धरतो, तो आयुष्यभराचा नेम असतो.

वर्षातनं एखाद्या सणालाच घालणार असाल तर बाराबंदी शिवा, हौस फिटेल. रोजच्याला मी तरी पैरणच सांगेन. मांजरपाट (साधं जाडसर सुती कापड) घेतलं तर शिवायला टाकायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात बाही वर चढते.