दलालामार्फत जुन्या मशीनची खरेदी-विक्री: 14 महिन्यांनंतर

गेल्या 14 महिन्यांत आमच्या वर्कशॉपसाठी मी तीन जुनी मशीन घेतली आणि दोन विकली. पाचही सौदे दलालामार्फत झाले. एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं, धातू कापून आकार देणारं उभं मशीन), एक सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारा लेथ आणि एक स्क्रू कॉम्प्रेसर (हवा दाबणारं मशीन) आला. प्रेस ब्रेक (पत्रा वाकवणारं मशीन) आणि आमचा पहिला लेथ गेला. नुसते दोन फोन लावून देण्याचे पैसे कशाला द्यायचे, असं मला आधी वाटायचं. आता दलाली द्यायला माझी हरकत नसते, पण ती कोणाला द्यायची याबाबत मी फार काटेकोर झाले आहे.

डीलर आणि दलाल यांत गल्लत करू नका. डीलर मशीन स्वतः विकत घेऊन गोदामात ठेवतो, म्हणजे त्याचे स्वतःचे पैसे त्यात अडकलेले असतात. दलाल मालकी घेतच नाही. माल असतो विकणाऱ्याचा, सौदा होतो ‘जसं आहे, जिथे आहे’ या अटीवर, आणि नंतर काही दोष निघाला तर दलाल कागदोपत्री मोकळा असतो. म्हणून मशीनबद्दल खरी माहिती सौद्याच्या आधी आणून देणं हेच त्याचं खरं काम, असं मी आता मानते.

व्हीएमसी शोधताना चार दलालांकडून चार मशीनची माहिती आली. किमती वेगळ्या, फोटोही थोडे वेगळे. मी चौघांकडे नेमप्लेटचा जवळून काढलेला फोटो मागितला. दोघांनी दिला, तिसऱ्याने बरीच टाळाटाळ करून दिला, चौथा म्हणाला की आधी विसार द्या. जे तीन फोटो आले त्यांवर सिरीयल नंबर एकच होता! चौथ्याचं मशीनही तेच निघालं. चौघांपैकी मालकाला ओळखणारा एकच होता. बाकीचे एकमेकांची माहिती पुढे सरकवत होते आणि प्रत्येक हातात किंमत चढत होती. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: “तुम्ही स्वतः मशीनसमोर शेवटचे कधी उभे होतात, आणि तेव्हा ते चालू होतं का?” या प्रश्नावर अडखळणाऱ्याशी मी पुढे बोलत नाही.

मालकाला ओळखणाऱ्या त्या एका दलालाबरोबर मशीन बघायला गेले. खरं शिकले ते त्या दुपारी. त्याने पिशवीतून स्वतःचा मॅग्नेटिक स्टँड आणि डायल (बारीक हालचाल सुईने दाखवणारं मापक) काढला. टेबलाच्या मधोमध डायल लावून एक्स अक्ष, म्हणजे टेबलाची आडवी हालचाल, एका बाजूने आणला, मग उलट फिरवला; सुई हलायच्या आधी अक्ष किती रिकामा गेला ते टिपलं. तेच दोन्ही टोकांना केलं. टोकांना 0.01 मिमी, मध्यावर 0.04. काम पकडणारा व्हाइस कायम टेबलाच्या मध्यावर बांधलेला असतो, काम वर्षानुवर्षं तेवढ्याच पट्ट्यात चालतं, म्हणून टेबल सरकवणारा बॉल स्क्रू तिथेच झिजतो. फक्त टोकाला तपासलं असतं तर मशीन चांगलं म्हणून मी घेतलं असतं.

मग त्याने कंट्रोलवर, म्हणजे मशीनच्या संगणकावर, पॅरामीटर (मशीनच्या सेटिंगचे आकडे) उघडले. फॅनक कंपनीच्या कंट्रोलमध्ये 1851 या क्रमांकाला बॅकलॅशची, म्हणजे उलट फिरवताना रिकाम्या जाणाऱ्या हालचालीची, भरपाई असते. एक्ससमोरचा आकडा वाय-झेडच्या तिप्पट होता, म्हणजे झीज आधीच कोणीतरी आकड्याने झाकली होती आणि त्यानंतरही मध्यावर एवढी उरली होती. 6750 ला वीज चालू असल्याचा काळ आणि 6754 ला प्रत्यक्ष कटिंगचा काळ दिसतो. हे आकडे बदलताही येतात, म्हणून त्यांवर न थांबता त्याने सायकल स्टार्टच्या बटणाची झीज, दाराच्या मुठीचा उडालेला रंग आणि सरकमार्गावरच्या झाकणाखालची (वे-कव्हर) गंज पाहिली. हा विकणाऱ्याचा दलाल होता, हे लक्षात घ्या. सौदा लवकर उरकण्यात त्याचा फायदा होता; तरी त्याने ही झीज मालकासमोर माझ्याजवळ बोलून दाखवली. नव्या बॉल स्क्रूचा खर्च किमतीतून वजा झाला आणि मशीन आमच्याकडे आलं. आठ महिने झाले, त्याने आम्हाला एकदाही दगा दिलेला नाही.

लेथच्या वेळी दलाल दुसरा होता आणि तिथे मी चुकले. चालू मशीन पाहिलं, पैसे दिले, पण जागा तयार नव्हती म्हणून ते विकणाऱ्याकडे तीन महिने वीज तोडून उभं राहिलं. कंट्रोलच्या मेमरीची बॅटरी आधीच शेवटाला आलेली होती. मशीन आलं तेव्हा पॅरामीटर पुसले गेले होते. बॅटरी बदलायची ती वीज चालू असताना, आणि वीज तोडण्याआधी बॅकअप घ्यायचा, हे दलालाला माहीत असायला हवं होतं. तो फोनवर एवढंच म्हणाला की माझं काम सौद्यापर्यंत. विजेच्या कपाटाच्या दाराला आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत पॅरामीटरची मूळ छापील यादी होती, कागद तेलाने पिवळे पडलेले. दोन दिवस बसून माझ्या भावाने एकेक आकडा टाइप केला, तेव्हा मशीन जागं झालं. ती पिशवी कोणी फेकून दिली असती तर काय झालं असतं, या विचाराने अजून पोटात गोळा येतो. आता वीज तोडण्याआधी बॅकअप आणि नवी बॅटरी ही अट मी विसार देतानाच लिहून घेते.

कॉम्प्रेसरबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. तास, तेलाचा नमुना, एअर-एंडचा (हवा दाबणाऱ्या भागाचा) आवाज, सगळं ठीक होतं. पण उचलण्यावरून खटका उडाला. व्यवहार ‘एक्स वर्क्स’ (माल विकणाऱ्याच्या जागेवरून घेणाऱ्याने न्यायचा) होता आणि इन्कोटर्म्स 2020 या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींप्रमाणे त्यात गाडीत माल चढवणं विकणाऱ्यावर बंधनकारक नसतं. आमची गाडी दारात उभी आणि क्रेन कोणीच सांगितलेली नाही! त्याच अटींतली दुसरी, एफसीए (घेणाऱ्याच्या वाहतूकदाराकडे माल सोपवणं), विकणाऱ्याच्या आवारात, असं ठरवलं असतं तर चढवण्याची जबाबदारी त्याची राहिली असती. दलालाने आठवण करून द्यायला हवी होती, हे मी त्याला तोंडावर सांगितलं आणि त्याने ते मान्य केलं. आणखी एक ऐकून ठेवा: काही बनावटींच्या मशीनमध्ये निर्यात नियंत्रणासाठी जागा बदलल्याचं ओळखणारी सोय असते. मशीन हलवलं की ते कुलूपबंद होतं आणि बनवणाऱ्या कंपनीने उघडून दिल्याशिवाय चालत नाही. हे विसाराआधीच विचारा.

विकताना प्रेस ब्रेक मी आधी पाच दलालांना दिला. जास्त तोंडं, जास्त गिऱ्हाईक, असा हिशोब होता. झालं उलटं. एकच मशीन पाच किमतींना फिरताना दिसल्यावर घेणारे बिचकले. एकाने थेट विचारलं की यात खोट काय आहे. मग सगळ्यांना नाही सांगितलं आणि व्हीएमसीवाल्या दलालाला 90 दिवसांसाठी एकट्याला दिलं. त्याने पहिली गोष्ट सांगितली ती ही की रंग देऊ नका, ताजा रंग पाहिला की लोक तडे शोधायला लागतात. फक्त धुऊन पुसून ठेवा आणि विकेपर्यंत वीज तोडू नका. पट्टी वाकवतानाचा सलग व्हिडिओ त्याने स्वतः काढला, टेबलाच्या दोन टोकांना कोन मोजून दाखवला. सातव्या आठवड्यात मशीन गेलं.

जुन्या लेथच्या विक्रीत मात्र मन दुखावलं. तिथल्या दलालाने विचारलं, तुमच्या हातात किती पडले पाहिजेत? मी आकडा सांगितला. त्याच्या वरचं सगळं त्याने ठेवलं आणि घेणाऱ्याकडूनही वेगळी दलाली घेतली. मशीन चढवताना घेणारा सहज बोलून गेला तेव्हा मला कळलं. दोन्ही बाजूंनी दलाली घेण्याला माझा विरोध नाही, दोघांना ते माहीत असेल तर. लपवलं, म्हणून त्याच्याशी व्यवहार बंद.

सध्या एका सरफेस ग्राइंडरचं (सपाट पृष्ठभाग घासणारं मशीन) बोलणं चालू आहे. व्हीएमसीवाल्यालाच सांगितलं आहे. परवा त्याचा फोन आला: “फोटो चांगले आहेत, पण अजून मी पाहिलेलं नाही. मंगळवारी डायल घेऊन जातो, तोपर्यंत विसार देऊ नका.”