डबल टायरसाठी कॅमवाली तिहेरी चेन: पकड उत्तम, पण ढील अजिबात खपत नाही

ही ट्रकच्या जोडटायरवर बर्फात पकडीसाठी चढवायची चेन: तीन लांब साखळ्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या साखळ्या आणि बाहेरच्या बाजूला ताण देणारे कॅम, म्हणजे फिरवून साखळी आवळणारे तुकडे. एकेरी चेन फक्त बाहेरच्या टायरला पकड देते, ही दोन्ही टायर झाकते. भरलेली गाडी बर्फाच्या चढावर न्यायची तर ड्राइव्ह अ‍ॅक्सलला (इंजिन ज्याची चाकं फिरवतं त्याला) हीच घ्यावी. आडव्या कड्यांवर व्ही आकाराचे तुकडे वेल्ड केलेली मिळाली तर कडक बर्फावर ती आणखी चांगली चावते. वजन मात्र भरपूर. एकट्या माणसाची कंबर बोलते.

खरेदीत सगळ्यात मोठी चूक मापाची. ११आर२२.५ आणि २९५/७५आर२२.५ या दोन्ही मापांच्या टायरची रिम २२.५ इंचीच असली, तरी पहिल्याची चेन दुसऱ्यावर चालत नाही. दुसऱ्या टायरचा व्यास साधारण दोन-तीन सेंटिमीटरने कमी, म्हणजे घेरात सात-आठ सेंटिमीटरची ढील. एवढी ढील कॅमने निघेलच असं नाही. ढिली चेन फेकली जाते आणि ब्रेक चेंबर (ब्रेक दाबणारा हवेचा डबा), हवेचे पाइप, एबीएसची (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर, मडगार्ड, जे आड येईल ते झोडपते.

चढवताना गाडी सपाटीवर, पार्किंग ब्रेक लावून आणि चाकांना ठोकळे लावून उभी करावी. चेन आधी जमिनीवर पसरून पीळ काढावा. टायरवर टाकताना हुकांची उघडी तोंडं बाहेर हवीत, आत वळली तर टायरची बाजू खातात. आतला हूक आधी, मग मधला, शेवटी बाहेरचा. आत दोन कड्या उरल्या असतील तर बाहेरही दोनच उराव्यात, नाहीतर आडव्या साखळ्या तिरप्या बसतात. मग टी-हँडलने (टी आकाराच्या चावीने) कॅम फिरवावेत, एकच गच्च न करता सगळे सारखे. रबरी टेन्शनर (चेन ताणून धरणारं रबर) वरून लावावा, पण तो कॅमची जागा घेत नाही. चेन बसावी म्हणून टायरची हवा काढू नये.

अर्धा-एक किलोमीटर चालून थांबावं आणि पुन्हा ताणावं. हा थांबा टाळणाऱ्यांच्याच चेन तुटतात. वेग ५० किलोमीटरच्या आत, आणि उत्पादकाने कमी सांगितला असेल तर तोच धरावा. चाक फिरून घसरू लागलं की अ‍ॅक्सिलेटर सोडावा; फिरतं चाक अचानक पकडलं की आडवी साखळी तुटते. कोरडा डांबरी रस्ता लागला की चेन काढावी, तिथे कड्या झपाट्याने झिजतात. कडीची जाडी निम्मी राहिली की ती बदलायची. जोडकड्या, पक्कड आणि तारेचा गुंडाळा पेटीत असावाच. चेनसोबत हे सहसा येत नाही.

ट्रेलरला तिहेरी लागत नाही. त्याची चाकं ओढत नाहीत, पण उतारावर ब्रेक लागून लॉक झाली की ट्रेलर बाजूने सरकून ओढणाऱ्या गाडीकडे वळतो. तेवढ्यासाठी दोन्ही बाजूंना एकेरी पुरते. फक्त एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) खाली बसल्यावर मडगार्ड आणि चेन यांत किती जागा राहते, ते विकत घेण्याआधी मोजावं.