ओला कचरा घरातच जिरवायचा, पण कशात? क्रेट, गांडूळखत, बोकाशी, बायोगॅस आणि यंत्र

पर्यावरणासाठी घरात एखादी तरी सवय लावून घ्यायची असं ज्यांनी ठरवलंय, त्यांना मी आधी ओल्या कचऱ्याकडे वळायला सांगते. वीज वाचवणं, पेट्रोल कमी जाळणं, कापडी पिशवी बाळगणं हे सगळं हवंच. पण स्वयंपाकघरातून रोज निघणारी सालं, देठं आणि चहाचा चोथा यांचं काय करायचं, हे पूर्णपणे आपल्या हातात असतं. आपल्या शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा वाटा ओल्या कचऱ्याचा असतो. तो डेपोत ढिगाखाली दबला आणि त्याला हवा मिळेनाशी झाली की मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवून धरतो. आणि हा डेपो कुणाच्या तरी गावाशेजारी असतो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला, त्यांच्या विहिरींचं पाणी खराब झालं. मुंबईचं देवनार 1927 पासून कचरा घेतंय, तिथे जानेवारी 2016 मध्ये आग लागली तेव्हा शहरभर धूर पसरला होता.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. अडतं ते पुढे: कशात जिरवायचा? बाजारात माठ, बास्केट, हवाबंद डबे, विजेवरची यंत्रं असं सगळं मिळतं आणि प्रत्येक विक्रेता आपलंच बिनवासाचं असल्याचं सांगतो. बऱ्याच घरांत ही सवय दोन-तीन महिन्यांत सुटते, कारण घराला न जुळणारी पद्धत घेतलेली असते. म्हणून खर्चाआधी तीन गोष्टी बघा: शिजलेलं अन्न आणि मासळी-मटण किती टाकलं जातं, हवा खेळेल अशी जागा आहे का, आणि तयार झालेलं खत कुठे जाणार.

आधी एक साधा पर्याय

काहीच न जिरवता कचरा नीट वेगळा करून देणं, हाही पर्याय आहे आणि तो कमी दर्जाचा मानू नका. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायला सांगितले. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारात येतात, तेव्हा आपण एकत्र केलेला कचरा त्या स्वतःच्या हातांनी निवडतात. सॅनिटरी पॅड वेगळं न गुंडाळता ओल्यात टाकणं म्हणजे काय, हे त्यांच्या जागी उभं राहून पाहावं. तान्हं बाळ असलेलं घर, आजारी माणूस असलेलं घर, सकाळी सातला बाहेर पडून रात्री नऊला परतणारी जोडपी यांनी हीच सवय पक्की केली तरी खूप झालं. उणीव एवढीच की ओल्या कचऱ्याचा प्रवास डिझेलच्या गाडीने चालूच राहतो आणि पुढे त्याचं नेमकं काय होतं यावर आपला ताबा नसतो.

क्रेट, बास्केट किंवा भोकं पाडलेली बादली

बहुतेक फ्लॅटना मी हेच सुचवेन, म्हणून यावर जरा सविस्तर.

तत्त्व सोपं आहे. हवेत जगणारे जिवाणू कचरा कुजवतात, त्यांना हवा, ओलावा आणि दोन प्रकारचं खाद्य लागतं. भाजीच्या सालींत नत्र भरपूर असतं, पालापाचोळा, लाकडाचा भुसा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) किंवा उसाची चिपाडं यांत कार्बन भरपूर असतो. मिश्रणात नत्राच्या 25 ते 30 पट कार्बन असला की काम जोमाने चालतं. घरी हे मोजत बसायची गरज नाही. एक वाटी ओल्याला एक ते दीड वाटी कोरडा पालापाचोळा, असं धरून चाला. पालापाचोळ्याऐवजी कोकोपीट असेल तर आकारमानाने निम्मं पुरतं.

ड्राय बाल्कनीत, कपडे वाळत घालतो तिथे कोपऱ्यात एक क्रेट मावतो. तळाला कोरड्या पानांचा चार बोटं थर, वर बारीक चिरलेला कचरा, त्यावर पुन्हा पानं. पहिल्यांदा मूठभर जुनं खत किंवा वाटीभर आंबट ताक शिंपडायचं, विरजण म्हणून. दर दोन-तीन दिवसांनी काठीने किंवा छोट्या खुरपीने खालवर करायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी हात घातला तर आत कोमट लागतं, पानांवर पांढरी तंतूंची जाळी दिसते. ती बुरशी आपल्या कामाची असते, घाबरून ओतून देऊ नका. ओलावा बघायचा तर मूठभर मिश्रण घट्ट दाबा: बोटांच्या फटींतून थेंब गळले तर पाणी जास्त झालंय, मूठ उघडताच भुगा सांडला तर कोरडं पडलंय, गोळा टिकला आणि हात नुसता दमट राहिला तर नेमकं जमलंय.

वास आला तर बहुतेक वेळा कारण एकच असतं, कोरडं कमी पडलंय. अमोनियासारखा नाकात झोंबणारा वास असेल तर पानं वाढवा, कुजट वास असेल तर पानं वाढवून उकरा. चिलटं येतात ती आंबा, केळं, कलिंगडाच्या सालींवर. साली वर उघड्या ठेवू नका, दोन बोटं पानांखाली दाबा. मोठ्या राखाडी-तपकिरी अळ्या दिसल्या तर त्या बहुधा सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, त्या कचरा झपाट्याने खातात आणि माणसाला त्रास देत नाहीत. किळस वाटते हे खरं, घरात कुणाला ती अजिबात सहन होत नसेल तर हा मुद्दा आधीच बोलून घ्या.

चौघांच्या घरातून दिवसाला पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. म्हणजे दोन क्रेट हवेत. एक भरला की तो मुरायला ठेवायचा आणि दुसरा सुरू करायचा. दोन महिन्यांत खत होतं, वजन चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं. करवंट्या, आंब्याच्या कोयी, मक्याची कणसं, मटणाची हाडं यांत घालू नका. वर्ष गेलं तरी त्या जशाच्या तशा निघतात.

मातीचे तीन माठ एकावर एक ठेवायची पद्धत याच जातीची. दिसायला सुंदर, माती जादा ओलावा शोषून घेते, कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत तो गुण उपयोगी पडतो. पण माठ जड, फुटतात, वरचा भरलेला माठ खाली घ्यायला दोघं लागतात. पाठीचं दुखणं असलेल्यांनी, एकटं राहणाऱ्या ज्येष्ठांनी क्रेटच घ्यावा. बाग असलेल्यांना तर डबाही नको. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून जी गच्चीवरची शेती लोकांना शिकवली, त्यात स्वयंपाकघरातलं सगळं थेट कुंडीत किंवा वाफ्यातच जिरतं. गच्ची मिळत असेल तर माझ्या मते याहून चांगला मार्ग नाही.

गांडूळखत

खताच्या दर्जात गांडूळखत पहिलं, सवयीच्या दृष्टीने मात्र ते नाजूक आहे. गांडुळं सजीव आहेत, त्यांना सावली, ओल आणि साधारण 15 ते 30 अंश तापमान हवं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पश्चिमेच्या बाल्कनीत ती जगत नाहीत, पोतं ओलं करून कितीही झाकलं तरी. लिंबाची सालं, कांदा-लसूण, तेलकट-तिखट उरलंसुरलं त्यांना चालत नाही, आणि आपल्या स्वयंपाकघरात कांद्याची सालं तर रोजची. मग कचऱ्याचे पुन्हा दोन भाग करावे लागतात. सुट्टीत आठ दिवस गावाला गेलात तर निभावतं, महिनाभर नाही. ज्यांना झाडांची मनापासून आवड आहे, तळमजल्याला सावलीची जागा आहे आणि रोज पाच मिनिटं बसून बघायला आवडतं, त्यांनी जरूर करावं. फक्त कचरा कमी करायचा असेल तर यात पडू नका.

बोकाशी: मासळी खाणाऱ्यांसाठी

ओकिनावातल्या र्युक्यू विद्यापीठाचे तेरुओ हिगा यांच्या जिवाणू-मिश्रणामुळे ही पद्धत जगभर पोचली. क्रेटला हवा लागते, इथे उलट: डबा हवाबंद हवा. रोजच्या कचऱ्यावर जिवाणू मिसळलेला कोंडा भुरभुरायचा, दाबून हवा काढायची, झाकण घट्ट लावायचं. कचरा कुजत नाही, आंबतो, लोणच्यासारखा. शिजलेला भात, आमटीतला गाळ, माशांचे खवले-काटे, कोंबडीची हाडं सगळं चालतं. मालवण, रत्नागिरी किंवा गोव्यातल्या घरांना क्रेट जमत नाही तो मासळीच्या वासापायी आणि मांजरांपायी. त्यांच्यासाठी बोकाशी खरोखर सोयीची. स्वयंपाकघरातच ओट्याखाली डबा राहतो.

पण विकताना एक गोष्ट हळूच सांगितली जाते. दोन आठवडे आंबवल्यावर हाती येतं ते खत नव्हे. ते मातीत पुरावं लागतं किंवा मोठ्या कुंडीत मातीचे थर देऊन आणखी दोन ते चार आठवडे ठेवावं लागतं. पुरायला माती नसेल तर आंबलेल्या कचऱ्याचे डबे साठत जातात. शिवाय कोंडा पुन्हा पुन्हा विकत घ्यावा लागतो. डब्याच्या तळाच्या तोटीतून निघणारं पाणी झाडांना घालता येतं, पण ते आम्लधर्मी असतं, शंभर पट पाण्यात मिसळूनच. म्हणून बोकाशी अंगण-परसाच्या घराला उत्तम, अकराव्या मजल्यावर बाल्कनी नसलेल्या घराला अर्धवट.

बायोगॅस आणि विजेवरची यंत्रं

बायोगॅसबद्दल मला जिव्हाळा आहे, कारण घरगुती आकाराचं संयंत्र पुण्यातच घडलं. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने शेणाऐवजी पिष्टमय खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं आणि त्याला स्वच्छ ऊर्जेसाठी दिला जाणारा 2006 चा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. शिळा भात, पोळ्या, पिठाची धुवण यांवर ते छान चालतं. पण हिशेब करा: चौकोनी कुटुंबाच्या किलोभर कचऱ्यातून मिळणारा गॅस पंधरा-वीस मिनिटं शेगडी चालवेल, सकाळचा चहा आणि थोडं दूध तापेल. त्यासाठी उन्हाची गच्ची, टाक्यांची जागा, रोजचं पाणी आणि निघालेल्या मळीची सोय हवी. थंडीत गॅस कमी होतो. खानावळ, वसतिगृह, मंगल कार्यालय, मोठी सोसायटी इथे मात्र हा पर्याय सगळ्यांत सरस ठरतो. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'निसर्गऋण' संयंत्र त्याच आकारासाठी आहे.

विजेवरचं घरगुती यंत्र घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. यातली बरीच यंत्रं कचरा तापवून वाळवतात आणि दळतात. काही तासांत मिळणारी तपकिरी भुकटी हे मुरलेलं खत नसतं, ओली झाली की ती पुन्हा कुजू लागते. एका फेरीला अर्धा ते एक युनिट वीज जाते आणि ती वीज महाराष्ट्रात अजून मुख्यतः कोळशातून येते. हाताने काहीच करणं शक्य नसलेल्या माणसाचा अपवाद मी मान्य करते.

एकट्याने की सोसायटीने

पन्नास-साठ घरांची सोसायटी असेल तर घरोघरी डबे लावण्याआधी सभेत विषय मांडून बघा. 5000 चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं 2016 च्या नियमांनी सांगितलंच होतं. जाळीदार विटांचे चार-पाच हौद, आवारातल्याच झाडांचा पाला, आणि रोज तासभर काम करणाऱ्या माणसाला नीट पगार, हातमोजे, बूट. मोठ्या ढिगात उष्णता 55 अंशांच्या वर जाते, रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. घरच्या क्रेटमध्ये इतकी धग तयार होत नाही. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक चालू असेल तर मिळकतकरात 5 टक्के आणि दोन असतील तर 10 टक्के सवलत देते, सभेत हा मुद्दा चालतो. अडचण माणसांचीच असते. दहा घरं जरी ओल्यात प्लास्टिक टाकत राहिली तरी हौदावरच्या माणसाचं काम दुप्पट होतं आणि शेवटी तो सोडून जातो. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा हा यातला सगळ्यांत चिवट कचरा. पिशवी कापताना तो तुकडा पिशवीलाच लटकता ठेवायचा, एवढं घरोघरी सांगितलं तरी खताची चाळण निम्मी हलकी होते. सोसायटी तयार होईपर्यंत तुमचा क्रेट थांबवू नका. सभेत दाखवायला तयार खताची परडी उपयोगी पडते.

सुरुवात कधी करावी यालाही महत्त्व आहे. जुलैत सुरू केलेल्या क्रेटला दमट हवेत कोरडं काही मिळत नाही, मग पाणी सुटतं, चिलटं होतात आणि घरातले वैतागतात. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत रस्त्याकडेला झाडून ठेवलेली पानं एरवी जाळली जातात, ती पोती भरून आणा आणि पावसाळ्यापर्यंत पुरतील इतकी ठेवा. आत्ता पावसाळाच असेल तर सुतारकामाच्या दुकानातून लाकडाचा भुसा आणा, प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. तोही मिळाला नाही तर कोकोपीटची वीट भिजवून, पिळून, मोकळी करून वापरा.