दुपारी दाखवलेला बिघाड, रात्री परत मिळालेली गाडी

सोलापुरात एप्रिल लागला की एसीची कामं करणाऱ्या गॅरेजांपुढे गाड्यांची रीघ लागते. पारा चाळिशीच्या पुढे गेलेला, त्यात लग्नसराई. प्रत्येकाला गाडी आजच्या आज हवी असते. या घाईवर डोळा ठेवून बसलेले काही जण आहेत. त्यांच्यापैकी एकाने मला २१ हजारांना फसवलं. त्याची पद्धत सविस्तर सांगते, कारण ती कोणावरही चालू शकते.

माझ्या गाडीची तक्रार अशी होती. होटगी रोडला मोकळ्या रस्त्यावर गाडी पळत असली की एसी छान गार. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलं की थोड्याच वेळात गरम वारा. पुन्हा वेग घेतला की पुन्हा गार. इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र कायम मध्यावर. हे लक्षण नीट लक्षात ठेवा, सगळी गोम तिथेच आहे.

गॅरेजवाल्याने भर दुपारी, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि गॅसचा दाब मोजणारं गेज लावलं. कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, ‘टक्’ करून सुरू व्हायचा आणि लगेच ‘टक्’ करून बंद पडायचा. “बघा मॅडम, कॉम्प्रेसर पकडतच नाही. आतून खलास झालाय. असाच चालवलात तर जाम होईल, पट्टा तुटेल, हायवेला गाडी उभी राहील.” मी वडिलांना घेऊन तुळजापूरला जाणार आहे हे त्याला बोलता बोलता कळलं होतं. मग यादी वाढली: नवीन कॉम्प्रेसर, गॅस, आणि “उन्हाळ्यात रिस्क नको” म्हणून कुलंटही, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव.

गाडी हातात दिली ती रात्री आठनंतर. विजापूर रोडला चक्कर मारून दाखवली, एसी बर्फासारखा गार. जुना कॉम्प्रेसर मागितला, तर म्हणाला, “तो कंपनीला परत द्यावा लागतो, त्यावरच तुम्हाला हा भाव लावलाय.” पावती मागितली तर वहीतलं पान फाडून ‘एसी काम, २१,०००’ एवढंच लिहून दिलं. पक्क्या बिलाला ‘जीएसटी वेगळा पडेल’ हे ठरलेलं उत्तर. माझ्या मते ग्राहकाला बिलाची भीती घालणारा माणूस तिथेच ओळखावा.

तुळजापूरच्या घाटात चढाला पुढे ट्रक होते, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत होती. काटा वर सरकायला लागला, तसा मी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण उघडला. भर उन्हात हीटर लावणं विचित्र वाटतं, पण इंजिनाची उष्णता त्या वाटेनेही बाहेर पडते. जागा मिळताच गाडी कडेला घेऊन बंद केली. बॉनेटखालून वाफ येत होती. रेडिएटरच्या झाकणाला कोणी हात लावू नका, असं मी मदतीला आलेल्यांना ओरडूनच सांगितलं. गरम असताना ते झाकण उघडलं की उकळतं पाणी दाबाने थेट तोंडावर येतं. वडील सत्तरीच्या पुढचे, त्यांना मधुमेह. सावलीला बसवून पाणी दिलं, तरी ते गळून गेले होते. मागून आलेल्या एका कुटुंबाने त्यांना आपल्या गाडीतून वर नेलं. त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही.

गाडी ओढून सोलापुरात आणली आणि अक्कलकोट रोडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. इंजिन गार झाल्यावर त्यांनी पाणी पुरतं भरलं, गाडी चालू करून एसी लावला, समोर जाळीशी वाकले आणि म्हणाले, “ताई, कंडेन्सरचा फॅनच फिरत नाही.”

त्यांनी समजावलं ते असं. एसीचा गॅस आतली उष्णता घेऊन पुढच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे रेडिएटरसारख्या जाळीत, येतो आणि तिथे ती बाहेर टाकतो. गाडी पळत असताना वारा आपोआप लागतो. गाडी उभी असली की तेच काम फॅन करतो. फॅन बंद असेल तर गॅसचा दाब चढतो, आणि दाब फार चढला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. म्हणजे मला जो ‘टक्’ आवाज ऐकवून कॉम्प्रेसर मेल्याचं सांगितलं, तो कॉम्प्रेसर स्वतःला वाचवत होता. बॉनेट उघडून गेज लावणाऱ्या माणसाला बंद पडलेला फॅन दिसला नाही, हे मी मानणार नाही. आणि रात्री गाडी का दिली, तेही कळलं. ऊन उतरलेलं, रस्ता मोकळा, वारा भरपूर. अशा वेळी फॅनवाचूनही एसी गार वाटतो.

‘नवीन’ कॉम्प्रेसरवर चंदेरी रंगाचा फवारा मारला होता. मिस्त्रींनी थिनरच्या फडक्याने पुसलं, तर खाली मूळ कंपनीचं लेबल निघालं, त्यावर माझी गाडी तयार झाली तेच वर्ष. फॅनची मोटर बदलायला मजुरीसकट अडीच हजारही लागले नाहीत.

पैसे गेले ते गेले, पण कुलंटचा राग अजून उतरत नाही. चांगलं कुलंट काढून टाकीत हिरवा रंग घातलेलं साधं पाणी भरलं होतं, द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने ते लगेच उघड झालं. वर रेडिएटरचं झाकण नीट बसवलेलं नव्हतं. ते झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशांनाही उकळत नाही. दाब टिकला नाही, पाणी उकळून बाहेर पडत राहिलं आणि घाटात इंजिन तापलं. एसीच्या तक्रारीसाठी नेलेली गाडी त्यांनी अशी करून माझ्या हातात दिली, आणि तिच्यात माझे वडील बसले होते.

तुम्ही एसीचं काम करून घ्याल तेव्हा गाडी उभी ठेवून एसी लावा आणि समोरचा फॅन फिरतोय का ते आधी स्वतः बघा. गॅस ‘संपला’ म्हणाले तर गळती कुठे आहे ते विचारा; बंद नळ्यांमधला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधलं वजन लिहिलेलं असतं, तेवढाच वजन करून भरून घ्या. काम सुरू होण्याआधी कॉम्प्रेसरच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढा. सीलबंद डब्यातलं कुलंट डोळ्यांदेखत ओतायला लावा. आणि गाडी दुपारीच ताब्यात घ्या, सावलीत नव्हे तर उन्हात, इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीत पंधरा मिनिटं एसी लावून बसा. रात्रीच्या चकरेवर पैसे देऊ नका.

मी त्या गॅरेजात परत गेले, तर ‘आम्ही नवाच टाकला होता’ यापलीकडे उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद तयार केलेत. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही. वहीचं ते फाटकं पान, पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद, लेबलचे फोटो आणि मिस्त्रींनी सहीनिशी लिहून दिलेला तपासणीचा कागद, एवढं जोडलंय. मिस्त्रींनी गरज पडली तर आयोगापुढे येऊन सांगायची तयारी दाखवली आहे.