स्किड प्लेट : लोखंडी की अ‍ॅल्युमिनियमची?

बेळगाव जिल्ह्यात जांबोटी सोडून कणकुंबीकडच्या आडवाटांवर पावसाळ्यात मोटारसायकल घातली की जांभा दगड कसा वर येतो, हे तिकडं फिरणाऱ्यांना सांगायला नको. हिरोच्या एक्सपल्सचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) 220 मिमी, तरी माझ्या गाडीच्या चेंबरवर, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइल राहणाऱ्या भागावर, ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टच्या शेजारी बोटभर ओरखडा आहेच. चेंबर फुटला तर ऑइल जातं आणि गाडी तिथंच उभी राहते. म्हणून स्किड प्लेट, म्हणजे इंजिनखाली बसवायचा जाड पत्रा, हवीच.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून 3 मिमी लोखंडी पत्रा वाकवून घेतला तर स्वस्तात काम होतं, आणि वाकला तरी गावातला कुठलाही वेल्डर ठोकून सरळ करून देतो. पण 30 बाय 40 सेंमीच्या तुकड्याचंच वजन पावणेतीन किलोच्या आसपास. शिवाय खानापूरकडच्या पावसात रंग उडाला की गंज धरलाच.

तेवढ्याच मापाची 4 मिमी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट सव्वा किलोच्या घरात बसते. गंजून तांबडी होत नाही. दगडावर आपटली तर पोचा येतो, पण चिरली तर जोडायला आर्गॉन वेल्डिंगवालाच गाठावा लागतो. महागही पडते.

मी अ‍ॅल्युमिनियमच घेईन. चढावर, चिखलात गाडी उचलताना दीड किलोचा फरक हाताला कळतो.

कुठलीही घ्या, प्लेटचं माउंटिंग गाडीच्या फ्रेमलाच हवं, चेंबरला टेकलेलं नको, नाहीतर दगडाचा मार सरळ इंजिनलाच. ड्रेन बोल्टसमोर भोक ठेवा. आणि घरी आल्यावर आत साचलेला तांबडा चिखल पाण्यानं काढाच, वाळला की इंजिन गार करणारी हवा अडते.