सत्र न्यायालय की हायकोर्ट : बचावाची वकिली कुठून सुरू करावी?

वकिलीची सनद मिळाली, फौजदारीच करायची हेही ठरलं. आता सिनियर कुठला धरायचा? जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात खटले चालवणारा, की उच्च न्यायालयात अपिलं चालवणारा? बचाव दोघेही आरोपीचाच करतात, पण दोघांचं रोजचं काम अगदी निराळं. माझं मत आधीच सांगते : पहिली काही वर्षं सत्र न्यायालयात काढा, मग हायकोर्टाचा विचार करा.

कारण अपील उभं राहतं ते खालच्या कोर्टातल्या रेकॉर्डवर. समजा, साक्षीदार कोर्टात म्हणाला की आरोपीच्या हातात कोयता होता, आणि पोलिसांनी घेतलेल्या जबाबात कोयत्याचा उल्लेखच नाही. उलटतपासात हे ओमिशन, म्हणजे जबाबात न आलेली गोष्ट, साक्षीदारापुढे ठेवावं लागतं. पुढे तपास अधिकाऱ्याची साक्ष होते, तेव्हा ‘या साक्षीदाराने मला तसं सांगितलं नव्हतं’ हे त्याच्याकडूनही वदवून घ्यावं लागतं. ही दुसरी पायरी राहिली, तर ओमिशन शाबीत होत नाही. काही वर्षांनी अपील बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येतं तेव्हा हायकोर्टातला वकील कितीही तयारीचा असो, तो प्रश्न विचारायची वेळ निघून गेलेली असते. अपिलात जादा पुरावा घ्यायची तरतूद आहे, पण न्यायालयं ती क्वचितच वापरतात. ज्याने स्वतः उलटतपास घेतलाय, त्याला अपिलाचे कागद वाचताना नेमकी कुठे फट आहे ते चटकन दिसतं.

सत्र न्यायालयातलं काम माणसांमधलं. तुरुंगात जाऊन अशिलाला भेटायचं, पंचनाम्यातल्या जागा स्वतः पाहून यायच्या, वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारायचे प्रश्न रात्री बसून काढायचे. साक्षीदार हजर नाही म्हणून दिवस वाया जातो. फी बहुतेकदा हप्त्याहप्त्याने येते. घरातला कमावता माणूसच आत असतो, त्यामुळे तगादा लावणंही जड जातं. निकालाच्या दिवशी त्याची आई तुमच्या मागच्या बाकावर बसलेली असते. हे सोसण्याची तयारी हवी.

हायकोर्टात माणसं कमी, कागद जास्त. सत्र न्यायालयाने दोषी ठरवलं की अपील तिथे जातं : साधारणपणे ६० दिवसांत, फाशी असेल तर ३० दिवसांत. पहिली धडपड शिक्षा स्थगित करून जामीन मिळवण्याची असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३०), कारण मूळ अपिलाची सुनावणी अनेकदा वर्षानुवर्षं लागत नाही. या अपिलात सगळा पुरावा पुन्हा तपासता येतो, म्हणून वाचनाची चिकाटी हीच इथली खरी कमाई. ड्राफ्टिंग आणि युक्तिवाद इंग्रजीत. जिल्ह्यातून येणाऱ्यांना याची धास्ती वाटते. ती सरावाने जाते.

अपिलाचं काम दुय्यम आहे असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच फाशीची शिक्षा ठोठावली होती. फेरविचारानंतर मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटो अल्बममधून आधी भलत्याच चौघांना ओळखलं होतं, आणि तो कागद सरकार पक्षाने पुढे आणलाच नव्हता. सोळा वर्षं आत गेली, पण माणसं वाचली. पुण्याच्या एका खटल्यातही खाली फाशी, हायकोर्टात ती कायम आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटका असं झालं. परिस्थितिजन्य पुराव्याचं ‘पंचशील’, म्हणजे तो पुरावा पारखायचे पाच निकष, त्याच निकालातलं.

कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या वकिलांना आता हा प्रश्न तितका अवघड राहिलेला नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, त्यामुळे मुंबईत खोली न घेता दोन्हीकडे काम करता येईल.

घरून आधार नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लीगल एड डिफेन्स कौन्सिल योजनेतली असिस्टंटची जागा जरूर पाहा. दरमहा ठरावीक मानधन मिळतं आणि वकील परवडत नाही अशा आरोपींचे खरे खटले पहिल्यापासून हाताखालून जातात. खासगी केसेस मात्र घेता येत नाहीत, आणि नेमणूक कंत्राटी असते. अर्ज करण्याआधी तिथल्या चीफ कौन्सिलचा, म्हणजे मुख्य वकिलाचा, एखादा उलटतपास कोर्टात बसून ऐका. शिकायला मिळेल की नाही ते तासाभरात कळेल.