अँकीवर रोजचं इंग्रजी : यंत्र पक्कं, कार्डं मात्र स्वतः लिहा

शब्द विसरायच्या बेतात असतानाच तो पुन्हा समोर आणायचा, एवढं एकच काम अँकी हे पुढे प्रश्न, मागे उत्तर अशा पाठांतराच्या कार्डांचं साधन करतं आणि चोख करतं. २००६पासून चालत आलेलं हे सॉफ्टवेअर संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे. आयफोनचं अ‍ॅप तेवढं विकत घ्यावं लागतं. रूप रुक्ष. नाणी, टाळ्या, शाबासकी काही नाही, आणि तेच बरं.

मेख आहे ती तयार डेकमध्ये, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात. ‘पाच हजार शब्द’ छापाचा डेक उतरवला की पुढे ‘गेट’, मागे ‘मिळवणं’ अशी कार्डं येतात. ‘गेट ओव्हर’, ‘गेट अलाँग’, ‘गेट अवे विथ’ यांतलं काहीच त्यातून हाती लागत नाही. बोलण्यासाठी कार्ड उलटं हवं: पुढे मराठीत प्रसंग, मागे अख्खं इंग्रजी वाक्य. पुढे ‘मीटिंग पुढे ढकलता येईल का?’, मागे ‘कॅन वी पुश द मीटिंग बॅक?’ आपण पुढे ढकलतो, इंग्रजी ‘बॅक’ म्हणते. असल्या जागी शब्दार्थ पाठ करून उपयोग शून्य.

नेमका एखादाच शब्द चुकत असेल तर क्लोझ कार्ड करा, म्हणजे वाक्यातली गाळलेली जागा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’नंतर ‘मीटिंग यू’ येतं, ‘मीट यू’ नाही, हे असंच पक्कं होतं. जागेत ‘मीट’ हा इशारा मात्र द्या. नुसती मोकळी ठेवलीत तर ‘सीइंग’ही बसतं आणि बरोबर उत्तर देऊनही तुम्ही चुकीचे ठरता. इंग्रजी बाजूला आवाजही हवाच. कार्डाच्या साच्यात टीटीएसचा, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीचा, टॅग टाकला की पुरे. नाहीतर ‘कम्फर्टेबल’ डोळ्यांना कळतं, पण कुणी ‘कम्फ्टबल’ म्हटलं की कान गडबडतो.

सेटिंगमध्ये रोजची नवी कार्डं मुळात २० असतात. ती ७-८वर आणा. वीसनं सुरुवात केली की काही आठवड्यांत रोजची उजळणी दीड-दोनशेच्या घरात जाते, आणि अनेक जण तिथेच सोडतात. २०२३मध्ये आलेली एफएसआरएस ही नवी वेळापत्रक-पद्धत डेकच्या पर्यायांत चालू करा. अपेक्षित स्मरण ०.९० ठीक आहे, म्हणजे उजळणीत शंभरातली नव्वद कार्डं आठवावीत.

उत्तर पाहिल्यावर ते कितपत आठवलं हे बटण दाबून सांगायचं असतं. सगळ्यात महागात पडते ती विसरलेल्या कार्डावरही ‘हार्ड’ बटण दाबायची सवय. उत्तर आठवलंच नाही तर ‘अगेन’ दाबायचं. ‘हार्ड’ म्हणजे आठवलं, पण कष्टानं. अँकी त्याला उत्तीर्णच धरतं, म्हणून विसरलेलं कार्डही लांबच्या तारखेला जाऊन बसतं.

आठ वेळा विसरलेल्या कार्डाला अँकी ‘लीच’ म्हणजे जळू ठरवतं आणि सेटिंग तसं असेल तर बाजूला काढतं. ते तसंच चालू ठेवू नका. बहुधा त्यात दोन अर्थ कोंबलेले असतात किंवा तसंच दिसणारं दुसरं कार्ड डेकमध्ये असतं. वेगळ्या प्रसंगाचं नवं वाक्य लिहा आणि जुनं पुसून टाका.